एकवीस दिवसांची साक्ष

होटगी रोड, सोलापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा हिस,

तुझ्या आबाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी सरली तसा आजीचा गुडघा ताळ्यावर आलाय आणि गच्चीवरच्या डब्यातल्या कढीपत्त्याला पालवी फुटलीय. पुण्यात तू वेळेवर जेवतेस ना? कॅलमचा फोन रोज येतो का? तो त्याच्या देशी परतल्यापासून आजी एक दिवसाआड विचारते, "जावाईबापूंनी ज्वारीचं पीठ नेलंय, त्याला कीड न्हाय ना लागली?" ते पीठ तिकडच्या विमानतळावर काढून घेतलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मला त्या न्यूझीलंडबद्दल बरंच विचारायचं आहे. माझा जुना नकाशासंग्रह काढला. तुझा देश (आता तुझाच म्हणायचा) अगदी कडेला, पान जिथं फाटतं तिथं. बोटानं सोलापूरपासून निघालो तर वाटेत दोनदा पान उलटावं लागलं. तिकडं जूनमध्ये थंडी आणि डिसेंबरात ऊन, खरं का? मग श्रावण ऐन गारठ्यात येणार. तिथल्या पोरांना शाळेत ऋतूंच्या कविता कोणत्या क्रमानं शिकवत असतील? माणसांपेक्षा मेंढरं जास्त, असं कॅलम म्हणाला होता. मग त्यांच्यामागं चालतं कोण? आपल्यासारखी हाक घालतात की नुसती शिट्टी? त्यानं कुत्र्याला वळवायची शिट्टी आपल्या हॉलमध्ये वाजवून दाखवली तेव्हा शेजारच्या पार्वतम्मा कुकर बंद करायला धावल्या होत्या, आठवतं ना? हे सगळं विचारून मला कळव. सवडीनं कळवलंस तरी चालेल.

आता मुद्द्याचं. एवढं लिहून झाल्यावर मुद्दा येतो, यावरूनच तू ओळखलं असशील.

परवा तुझ्या व्हिसाचं काम बघणाऱ्या ऑफिसातल्या सोनालीचा फोन आला. मुलगी गोड बोलते, पण स्पष्ट. म्हणाली, "आजोबा, तुमच्या पत्राचं भाषांतर झालंय. वाचून दाखवते हं. ‘माझ्या घरी एकवीस दिवस राहूनही ही दोघं माझ्यासमोर एकदाही एका खाटेवर बसली नाहीत. त्यांनी एकमेकांचं नाव घेतलं नाही. तो माझ्या पंगतीला जेवला, ती मागाहून बायकांत.’ आजोबा, हे वाचून तिकडचा ऑफिसर म्हणेल, यांची ओळख तरी आहे का?"

मी म्हणालो, "अहो बाई, ती स्तुती आहे."

"मला कळलं हो आजोबा. माझे आजोबा बार्शीचे आहेत. पण ऑफिसर बार्शीचा नाही ना!"

मग तिनं सांगितलं की तुझ्या आईबापाची पत्रं केव्हाच जमा झालीत, पण तुम्ही दोघं नवराबायको म्हणून एकवीस दिवस राहिलात ते आमच्या घरी, म्हणून माझ्या साक्षीला वजन आहे. पंधरा तारखेच्या आत नवं पत्र हवं. नाहीतर अर्ज अपुरा जाईल, आणि एकदा नकार आला की तो तिकडं आणि तू इकडं, किती महिने ते सांगता येत नाही.

साक्षीसाठी ऑफिसनं पाठवलेली प्रश्नपत्रिका मी पुन्हा वाचली. प्रश्नपत्रिकाच ती! ‘त्यांचे नाते खरे व टिकाऊ आहे असे तुम्हास का वाटते? उदाहरणांसह लिहा.’ वळसंगच्या शाळेत मी सातवीला असेच प्रश्न काढायचो. कानडी घरांतली पोरं कवितेला आपल्याच चालीत घोळवून म्हणायची, ऐकताना अंगावर काटा यायचा. आणि ‘उदाहरणांसह लिहा’ म्हटलं की तीच पोरं पेन्सिल चावत बसायची. आता माझी तीच गत झाली. म्हणून तुझ्या आजीला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"कस्तुरा, आपलं नातं खरं हाय ह्याला पुरावा काय?"

"कुणाला पायजे?"

"समज, सरकारला."

"सांगा त्यास्नी, त्रेपन्न वर्सं माझ्या हातचं खाऊन तुमी अजून जित्तं हाय की! ह्याच्यापरीस आनि काय पुरावा पायजे?"

आणि बोलता बोलता तिनं चष्मा माझ्या हातात दिला. मी मागितला नव्हता. नुसता हात पुढं केला होता.

त्या चष्म्यानं मला आठवलं, ऋतुजा. म्हणजे विसरलो नव्हतोच. लिहायचं टाळत होतो.

पहिलं पत्र लिहिताना मी लबाडी केली नाही. कॅलमनं आपली रीत किती मनापासून पाळली! आजीकडून शिकून तो मला विचारायचा, "आबा, आमची मंडळी कुठं?" आणि तू आत हसू दाबायचीस. ते मला खरंच आवडलं होतं, म्हणून लिहिलं. पण पाकीट चिकटवण्याआधी मी ते एकदा वाचलं. छत्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी. उत्तर कुठं चुकतंय ते मला पहिल्या ओळीला कळतं. परक्या माणसाला यातून काय दिसेल, ते मला लख्ख दिसलं. आणि मी डिंक लावला.

मनाशी म्हटलं, यात खोटं काय आहे? एकही शब्द खोटा नाही.

तू लहानपणी सुट्टीत आमच्याकडं यायचीस तेव्हा दुपारी मी कवितेची ओळ म्हणायचो आणि शेवटचा शब्द तुझ्यासाठी सोडायचो. तू खाटेखालून, माळ्यावरून, कुठूनही तो ओरडायचीस. मी अजून तसाच थांबतो. आजी वैतागते, "म्हना की फुडलं, का इसरला?" तिला काय सांगू? तू त्या पानाच्या कडेला गेलीस म्हणजे तो शब्द यायला दोनदा पान उलटावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून डिंक लावला. तुझ्या आबानं एवढं केलं. रागाव. रागावण्यासारखंच आहे.

नवी साक्ष सोबत जोडली आहे. सोनालीला देण्याआधी तू वाचावीस, म्हणून इथंही उतरवतो:

‘माननीय अधिकारी साहेब किंवा बाईसाहेब,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून आमचं मूळ घराणं सांगोला तालुक्यातलं, मेंढपाळांचं आहे. आमच्याकडं नवराबायको वडीलधाऱ्यांसमोर जवळ बसत नाहीत. त्यामुळं आधीच्या पत्रात मी जे लिहिलं तो या दोघांचा दुरावा नव्हता, माझ्या घराचा मान होता. तो त्यांनी राखला. पण मी त्यांना एकदा, त्यांच्या नकळत पाहिलं आहे, ते लिहितो.

अठ्ठावीस डिसेंबरला दुपारी आम्ही गावी होतो. माझा पुतण्या धनाजी याच्या कळपातली एक मेंढी अडली होती. कोकराचा एकच पाय पुढं आला होता. माझी नात जनावरांची डॉक्टर आहे. ती मातीत पालथी पडून काम करत होती. कॅलम मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी बाभळीमागं होतो. अर्धा तास दोघांत एक शब्द झाला नाही. ती मान न वळवता हात मागं करायची आणि तो त्या हातात जे हवं ते ठेवायचा. आधी गोडं तेल, मग दोरी, मग अंगातला शर्ट काढून दिला, कोकरू पुसायला. त्यानं एकदाही चुकीची वस्तू दिली नाही. शेवटी तिच्या डोळ्यांत घाम गेला. दोघांचे हात बरबटलेले. तेव्हा त्यानं आपल्या कोपरानं तिचं कपाळ पुसलं, आणि ती थकून क्षणभर तशीच त्याच्या कोपरावर डोकं टेकून राहिली. मग त्यांना मी दिसलो आणि दोघं चटकन पाच हात लांब झाली. त्या वेळी मला लाज वाटली, ती त्यांची नव्हे, माझी.

माझ्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. न मागता हातात वस्तू येणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. ते यायला आम्हा दोघांना वीस वर्षं लागली होती. या दोघांकडं ते आत्ताच आहे. कोकरू जगलं आहे. धनाजीकडं चौकशी करावी.

कोंडीबा बिरुदेव गावडे’

हे इंग्रजीत कसं होईल कुणास ठाऊक. ‘पाच हात लांब’ हे तेवढं नीट करायला सांग सोनालीला.

एक शेवटचं. माझा बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वाटेला लागायचा, तो आगोटीच्या तोंडाला, पहिल्या पावसाच्या सुमारास परत यायचा. त्याला व्हिसा लागला नाही, वाटेतल्या गावांत एवढंच विचारायचे, "कुणाचा रं तू?" निघताना माझी आई पहिल्या मेंढीच्या कपाळाला भंडारा लावायची आणि लगेच पाठ फिरवून घरात जायची. मी लहान होतो, मला ते निष्ठुर वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाली, "दारात हुबं ऱ्हायलं की मेंढरं थांबत्यात, बाळा."

मी महिनाभर दारात उभा होतो.

सोबतच्या कागदाच्या कोपऱ्यावर पिवळं बोट उठलंय, ते पुसू नकोस. आजीनं बिरोबाचा भंडारा लावलाय. ऑफिसरनं विचारलंच तर सांग, आमच्याकडचा शिक्का असाच असतो. आणि तिकडं पोचलीस की कवितेतला शेवटचा शब्द फोनवर म्हणत जा. पाठ नसला तरी चालेल. तिकडचा एखादा घाल.

हे पत्र आणि ती साक्ष, दोन्ही मी पाकिटात घालण्याआधी पुन्हा वाचली. मगच डिंक लावला.

आता घरात जातो.

तुझा
आबा