प्रसादाचा टोप

आबा, आमची काळी आज सकाळी पोटभर जेवली. भात, उकडलेलं अंडं, थोडा दुधी आणि वर मूठभर दुकानातलं खाणं. शेवटचं शीत संपेपर्यंत मी तिच्यासमोर बसून होतो. काळी म्हणजे आमची कुत्री. तुमच्या तांबड्यानंतर इतक्या वर्षांनी वाडीत पुन्हा कुत्रं आलं आहे, आणि हे ऐकल्यावर तुम्ही पहिलं काय विचाराल ते मला ठाऊक आहे. कुणी दिलं, आणि का दिलं?

कुणी दिलं नाही, ती सापडली. पण तुमची विचारण्याची खोड माझ्यातही पुरेपूर उतरली आहे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू आधी तुमच्या नाकाखालून जायची, मग आईच्या हातात. दुधाचा थेंब नखावर ठेवून तो घरंगळतो की ठरतो ते पाहायचात. चहाची पूड ओल्या कागदावर टाकून रंग सुटतो का बघत बसायचात, तोवर चुलीवरचं पाणी आटून जायचं आणि आई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायची. पाहुण्यांनी आणलेली मिठाई तर तुम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत उघडूच द्यायचा नाहीत, आणि उघडल्यावर म्हणायचात, "बघ, मी म्हटलं नव्हतं? वास येतोय." आम्ही भावंडं तुमच्यामागे हसायचो. आता माझी मुलगी माझ्यामागे हसते.

त्यात माझी नोकरी वालीवला, पिशव्या छापायच्या कारखान्यात. सकाळी फरसाणाच्या पिशव्या, दुपारी साबणाच्या पुडीच्या, आणि अलीकडे कुत्र्याच्या खाण्याच्याही. पिशवीवरची कोंबडी इतकी तजेलदार छापतो की माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. आत कोंबडी किती आणि कोंडा किती, हे छापणाऱ्याला कुणी सांगत नाही आणि छापणाऱ्याने विचारायचंही नसतं. असं रोज हाताळल्यावर माणसाचा कुठल्या चित्रावर विश्वास राहील? काळी त्याच कारखान्याच्या फाटकाशी थरथरत बसलेली असायची. एक दिवस रिक्षात घालून घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहिला, हिला घालायचं काय.

तांबड्याच्या वेळी असला प्रश्न नव्हता. आपण जे खाऊ त्यातलं उरलेलं त्याचं. पण आता जो तो वेगळं सांगतो. शेजारचे म्हणाले दूधभात, कारखान्यातला एक जण म्हणाला दुधाने खरूज होते. कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाईंनी चांगलं पाकीट आणायला सांगितलं. ते पाकीट मी हातात घेतलं, किंमत वाचली आणि जागेवर ठेवून दिलं. ते दर महिन्याला आणायचं तर आमच्या किराण्याला कात्री लावावी लागली असती. मग चिकनवाल्याकडून पाय, माना आणू लागलो. पण तो एवढ्या आनंदाने का देतो, कालच्या तर नाहीत, म्हणून मी त्याच्या दुकानासमोर उभा राहून पाहू लागलो. शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "कुत्रीच्या जेवणाचा एवढा तपास! मला बघायला आला होतात तेव्हासुद्धा एवढे प्रश्न विचारले नव्हते."

मग कुणीतरी तुळिंजचं एक दुकान सांगितलं. तिथे कुत्र्याचं खाणं पोत्यातून सुट्टं मिळतं, पाकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त. गेलो. पोत्याचं तोंड उघडं, आत तपकिरी गोळ्या, आणि गल्ल्यावर कानात वायर घातलेला मालक.

"कुठल्या कंपनीचं आहे?" मी विचारलं.

"कंपनीचाच माल आहे अंकल, फक्त खुल्ला आहे."

"मग कंपनीची पिशवी कुठाय?"

"पिशवीचेच तर पैसे घेतात ना ते लोक! आमच्याकडे पिशवी नाय, म्हणून सस्ता."

पिशव्या छापून पोट भरणाऱ्या माणसाला त्याने हे सांगावं! थोडंसंच घेतलं. घरी येऊन त्या गोळ्या ओल्या कागदावर ठेवल्या, रंग सुटला नाही. पाण्यात भिजवल्या, फुगल्या. वास घेतला, तर सुक्या मासळीसारखा आला. काही दिवस भातात चार-चार गोळ्या मिसळून तिच्याकडे डोळे लावून बसलो. काळीला काही झालं नाही, उलट तिच्या अंगावर तुकतुकी आली. तरी माझ्या मनातला किडा मेला नव्हता. दर वेळी डबा उघडताना वाटायचं, आजच्या पोत्यात काय असेल कुणास ठाऊक.

या श्रावणात आम्ही सत्यनारायण घातला. तुमच्या नातीला नोकरी लागली त्याचा. प्रसाद तुमच्याच पद्धतीचा. सव्वाच्या मापाचा रवा, तूप, साखर, वाडीतली पिकलेली केळी, आणि बेदाणे. बेदाण्यांना माप नाही, मूठ भरभरून टाकायचे, आबांच्या घरचा प्रसाद आळीत ओळखू आला पाहिजे. आणि सगळ्यांना वाटून झालं की तुमचीच रीत. प्रसाद मोरीत जाता कामा नये, म्हणून टोप घासायला टाकण्याआधी कुत्र्यापुढे ठेवायचा. मी तो अंगणात नेऊन काळीपुढे ठेवला. तळाला बरंच उरलं होतं. तिने टोप असा लख्ख चाटला की आमच्या सौभाग्यवती खूश झाल्या.

संध्याकाळी तिने ओकायला सुरुवात केली. सकाळी केळीखाली निपचित पडली होती, पाण्याकडे बघेना, हाक मारली तर नुसती शेपटी हलवायची, तीही अर्धीच. माझं डोकं फिरलं. मी तुळिंजला फोन लावला आणि त्या मालकाला नाही नाही ते बोललो. तो म्हणत राहिला, "अंकल, माझा कुत्रा पण हेच खातो, आईशपथ." मी म्हटलं, शपथा तर सगळेच घेतात. मग काळीला चादरीत गुंडाळलं, गोळ्यांचा डबा पुरावा म्हणून काखेत मारला आणि आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

डबा मी त्यांच्या टेबलावर आपटलाच. "हे बघा, सुट्टं आणलेलं. यातच काहीतरी आहे."

त्यांनी काळीचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. डब्याकडे बघितलंही नाही. "हे किती दिवस खातेय?"

"झाले काही महिने."

"मग काल नवीन काय दिलंत? घरचं?"

"घरचं काही नाही. घरचं म्हणजे, प्रसाद."

"कसला?"

"शिरा."

"बेदाणे होते त्यात?"

मी बोलण्याआधी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "होते. पुष्कळ होते."

बाईंनी लगेच सलाईन काढायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, द्राक्षं, बेदाणे, मनुका यातलं काहीच कुत्र्याला देऊ नका. काहींना पचतं, काहींच्या किडन्या बंद पडतात. कुणाचं काय होईल ते आधी कळत नाही. आधी उलट्या, मग मलूल, मग लघवी बंद. तुम्ही वेळेत आणलंत, बघू या."

मी बाहेर बाकावर येऊन बसलो आणि तिथे मला तांबडा आठवला, आबा. ओकणारा, मग मलूल पडलेला, पाण्याकडे न बघणारा तांबडा.

विहिरीवर पंप बसवलात त्याची पूजा होती. मी ओटीवर बसलो आहे. सगळे जेवून गेले आहेत. तुम्ही सोवळ्यातच टोप उचलता, अंगणात नेता, आणि तांबड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणता, "घे रे, तुझा वाटा." तुम्ही लाडाने बोलायचात ते फक्त त्याच्याशीच. तो चाटत असतो, आणि तेवढ्यात जास्वंदीच्या कुडापलीकडून काका, तुमचे सख्खे चुलतभाऊ, काहीतरी टाकतात. तांबडा टोप सोडून तिकडे धावतो. तुम्ही ते बघता. बांधावरून तुमची त्यांच्याशी बोलाचाली होऊन फार दिवस झाले नव्हते.

तांबडा गेला तेव्हा तुम्ही त्याला स्वतः चिंचेखाली पुरलंत आणि हातपाय न धुता कुडाशी जाऊन ओरडलात, "माझ्यावर राग होता तर मला घालायचं होतंस!" काका दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं तर तुम्ही कान झाकून घेतलेत. पुढे जास्वंद उपटून भिंत आली. विहिरीची वाट बंद झाली. त्यांच्या मुलीच्या लग्नाची अक्षत तुम्ही दारातून परत पाठवलीत, आणि काका गेले त्या दिवशी केळींना पाणी लावत बसलात. मी मोठा झालो होतो, जाऊ या म्हणालो. तुम्ही म्हणालात, "विष घालणाऱ्याच्या मयताला मी जात नाही." मीही गेलो नाही, कारण माझाही विश्वास होता. दूध, चहा, मिठाई, भाऊ, सगळं तुम्ही हुंगून पाहिलंत, आबा. आपल्या हातचा टोप तेवढा राहिला.

आता नक्की काय झालं होतं ते कुणीच सांगू शकणार नाही. मी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, इतक्या जुन्या गोष्टीचं मी कसं सांगू, पण असू शकतं. मी या 'असू शकतं'वरही संशय घेऊन पाहिला, खोटं कशाला बोलू. पण तुम्हाला तर एवढंही माहीत नव्हतं, आणि तुम्ही नक्की धरून चाललात. मला तुमचा राग आला. त्या बाकावर बसून इतका राग आला की तुम्ही समोर असता तर मी आवाज चढवला असता. आणि मग तुम्ही तांबड्याच्या पाठीवर मारलेली थाप आठवली, आणि कुणावर रागवायचं तेच कळेना.

काळी वाचली. सलाईनला जाऊन-येऊन आमचे हाल झाले, पण वाचली. तुळिंजच्या मालकाला फोन करून चूक झाली म्हणालो. तो म्हणाला, "सोडा अंकल, कुत्रा बरा आहे ना?" त्यानंतर मी भिंतीला वळसा घालून काकींकडे गेलो. त्या एकट्याच असतात, ओटीवर बसून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात फुलं ओवतात. मला दारात बघून त्यांनी पदर सावरला आणि पाट सरकवला.

मी म्हटलं, "काकी, तांबडा काकांमुळे नाही गेला. पूजेच्या प्रसादात बेदाणे होते, ते कुत्र्याला बाधतात. बहुतेक त्यानेच गेला."

त्यांचे हात थांबले. "कोणी घातला परसाद?"

आणि आबा, मी म्हणालो, "मी. टोप मी ठेवला होता."

त्यांनी मांडीवरची फुलं खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तू तवा केवढासा होतास पोरा. तुला काय ठावं." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हे मरेपर्यंत एकच बोलत. मी रोज त्याला अर्धी भाकर टाकायचो, त्या दिशी पण तीच टाकली, मग भावाला मी असा कसा वाटलो? मंग आमी कुतरा नाय पाळला कदी. कोनाचाच जीव आपल्या दारात नको, बोलायचे." एवढं सांगून त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा फुलं उचलली.

टोप तुम्ही ठेवला होता, आबा. मी तुमचं नाव घेतलं नाही. काकींनी माफ केलं ते मला, आणि ज्याला ते मिळायला हवं होतं त्याच्याकडे पोचवायची सोय नाही. हे पत्रही कुठे टाकणार? तांबड्याच्या चिंचेखाली ठेवावं म्हटलं, तर ती चिंच तुम्ही भिंत बांधतानाच तोडलीत.

एवढंच सांगायचं राहिलं. निघताना काकींनी काळीसाठी अर्धी भाकरी दिली, ताजी, तांदळाची. "कुतरीला घाल," म्हणाल्या. मी ती दोन्ही हातांनी घेतली, त्यांच्या पाया पडलो, माझेही डोळे भरून आले होते. आणि भिंतीच्या कोपऱ्यावर वळल्यावर, त्यांना दिसणार नाही अशा बेताने, मी ती भाकरी हुंगून पाहिली.