कपाटाचा रॉड: तासाभराचं काम

२ मार्च, सकाळी ९
कॅम्परमधल्या कपाटाचा रॉड पडला. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली घरगाडी. दोन बेड, एक ओटा, एक कपाट. परवा ताईंकडे निघायचं म्हणून हिने काल कपडे लावायला घेतले आणि शेवटचा हँगर अडकवताना धाडकन सगळं खाली. मी शांत राहिलो. कुणाचे किती हँगर होते, एवढंच विचारलं. हिचे अकरा, माझे सहा. त्या सहांत माझा चामड्याचा कोट आहे, पण तो पहिल्यापासून तिथेच असतो. त्याला काय दोष द्यायचा.
सुताराला बोलावू का, असं हिने विचारलं. बत्तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी. लाखो स्क्रू मोजून दिले. फिरवायचे तेवढे राहिले होते.
तासाभराचं काम.

२ मार्च, दुपारी ४
जुन्या भोकांत स्क्रू धरत नाहीत. जाड स्क्रू लावले. भोकं आणखी मोठी झाली. प्रगती आहे.

३ मार्च
भार चाचणी. रॉड धरून लोंबकळलो. वजन चौऱ्याऐंशी किलो. रॉड, दोन्ही ब्रॅकेट, प्लायचा बशीएवढा टवका आणि मी, असे सगळे एकदमच खाली आलो. निष्कर्ष: भिंत कच्ची आहे.
ही धावत आली. लागलं का, असं विचारलं. मग, कपडे काय चौऱ्याऐंशी किलोचे आहेत का, असंही विचारलं. तांत्रिक बाजू हिला कळत नाही.
संध्याकाळी ताईंचा फोन. ही लहान असताना आई गेली. तेव्हापासून या थोरल्या बहिणीनंच हिला वाढवलं. आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यांना काहीतरी झालंय. इलाज नाही, दोन-तीन आठवड्यांत नजर जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्याआधी हिला एकदा डोळे भरून बघायचंय म्हणाल्या. चष्मा लावून पेपरातले मथळे अजून वाचता येतात.
म्हणजे भरपूर वेळ आहे. शनिवारी निघू.

५ मार्च
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. प्लायच्या मागे काय आहे, असं दुकानदाराने विचारलं. हवा, म्हणालो. मग स्क्रू काय हवेत बसवताय काका, म्हणाला. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. अशा लोकांमुळेच कामं अडतात.
लांब बोल्ट आणले. भिंतीमागे गेले की छत्रीसारखे उघडतात म्हणे.

६ मार्च
बोल्ट फारच छान गेले. दोन गाडीच्या बाहेर निघाले. हिला नेऊन दाखवलं. टोप्या अडकवायची सोय झाली, म्हणालो. हसली नाही. अलीकडे हिची विनोदबुद्धी कमी होत चाललीय.

७ मार्च
शनिवार. निघालो नाही. हिने माझ्या परस्पर सुताराला बोलावलं. तो दोन मिनिटं बघत राहिला. दोन्ही बाजूंना आतून लाकडी पट्टी चिकटवायची, म्हणजे भार पसरतो, रॉड त्या पट्टीवर बसवायचा, आणि मधे खालून एक टेकू. अर्ध्या तासात करून देतो म्हणाला. मी नेमका हाच विचार करत होतो, असं त्याला सांगितलं आणि चहा पाजून वाटेला लावला.
तो गेल्यावर माझ्या योजनेप्रमाणे कामाला लागलो. लाकूड नव्हतं. ओट्यावरची भाजी चिरायची फळी मधोमध कापली. दोन सुरेख पट्ट्या झाल्या. ही आता हातातच भाजी चिरते. आज बोट कापलं. धांदरटपणा.

९ मार्च
डिंक वाळायला चोवीस तास लागतात. सहा तासांनी हात लावून बघितला. हात चिकटला. वीस मिनिटं कपाटात उभा होतो. हाका मारल्या. ही फोनवर होती.
ताईंचाच फोन. आता मथळे दिसत नाहीत. खिडकीशी बसलं की माणसं मात्र ओळखू येतात. ही म्हणाली, मी परवा बसने जाते. मग एवढी गाडी घेतली कशाला, असं मी विचारलं. शिवाय बसमध्ये हिला मळमळतं, ते मीच लक्षात ठेवायचं. ओकत ओकत जाईन, म्हणाली, पण जाईन.
रागात माणूस काहीही बोलतो.

११ मार्च
हिने खरंच बॅग भरली.
इकडे टेकूचा प्रश्न. खालून टेकू दिला तर बूट ठेवायची जागा जाते. हे त्या सुताराच्या डोक्यात आलं नव्हतं. वरून ताणच हवा. घरभर शोधलं. शेवटी हिच्या बॅगेचा पट्टा कापला. नायलॉनचा, एक नंबर माल. छताच्या हुकाला बांधून त्याची झोळी केली, रॉड त्यात अलगद बसला.
हिने पाहिलं. बॅगेतून एकेक कपडा काढून घडी घालून पलंगावर ठेवला आणि त्या ढिगाशेजारी बसून राहिली. पटलं असावं. समजूतदार आहे तशी.

१४ मार्च, सकाळी १०
ही बाजारात गेलेली. ताईंचा फोन मी घेतला. निघालात का, विचारत होत्या. निघालोच, परवा सकाळी तुमच्या दारात, म्हणालो. आजारी माणसाला नाही म्हणवत नाही. त्यांना इतका आनंद झाला. मग मी पहाटेपासून खिडकीतच बसते, म्हणाल्या. सकाळच्या उजेडात चेहरा अजून कळतो.
हिला सांगितलं नाही. उगाच घाई करेल, आणि घाईत काम बिघडतं.

१६ मार्च
आज रॉडला पॉलिश केलं. नुसता मजबूत काय कामाचा, देखणा नको? दोन हात दिले. वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही, नाहीतर धूळ बसते.
एकूण प्रसन्न दिवस.

१८ मार्च
काम पूर्ण. सतरा हँगर अडकवले. तासभर समोर खुर्ची टाकून बसलो. रॉड जागचा हलला नाही. हिला बोलावून दाखवणार, तेवढ्यात तीच आली. तिच्या भाच्याचा, म्हणजे ताईंच्या मुलाचा फोन आला होता. आई तीन दिवस सकाळी खिडकीत बसतेय, परवा तर जेवायलाही उठली नाही, असं म्हणाला. तुम्ही ताईला काही सांगितलं होतं का, असं हिने मला विचारलं. बोलण्याच्या ओघात काहीतरी म्हणालो असेन, म्हणालो.
रॉड बघ, म्हणालो. तिने रॉड बघितला. मग माझ्याकडे. मग परत रॉडकडे.
उद्या पहाटे निघतोय. हीच मला चार वाजता उठवणार आहे.

२० मार्च, प्रवासात
दोन दिवस गाडी चालवतोय. सतरा खड्डे मोजले. एकाही खड्ड्यात रॉड पडला नाही. दर खड्ड्यानंतर हिला सांगितलं. संध्याकाळी ही एवढंच म्हणाली, जरा जोरात चालवा.

२१ मार्च, सकाळी
पोचलो. ताई खिडकीतच होत्या. ही समोर जाऊन उभी राहिली. ताई रस्त्याकडेच तोंड करून बसलेल्या. भाचा हळूच म्हणाला, परवा संध्याकाळी उरलंसुरलं गेलं.
परवा. म्हणजे आम्ही वाटेत होतो. तसे फार उशिरा नाही पोचलो.
ही ताईंच्या पायाशी बसली. ताईंनी दोन्ही हातांनी हिचं तोंड चाचपलं. कपाळ, भुवया, गाल, कान. केस पांढरे झाले का गं, असं विचारलं. नाही ताई, काळेभोर आहेत, ही म्हणाली. निम्मे पांढरे आहेत. मी दुरुस्त करणार होतो, पण भाच्याने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि मला दुसऱ्या खोलीत बसवलं.

२२ मार्च
दुपारी जेवणं झाल्यावर ताईंनी मला विचारलं, इतका वेळ कशात गेला. बरं झालं कुणीतरी विचारलं. मी पहिल्यापासून सांगितलं. बोल्ट, पट्ट्या, डिंक, झोळी, पॉलिश. अर्धा तास तरी बोललो असेन. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, बघू तरी.
हिने त्यांना हाताला धरून गाडीच्या दोन पायऱ्या चढवल्या. मी कपडे बाजूला केले. ताईंनी रॉडवर तळवा ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. परत उलटा आणला. मग म्हणाल्या, वाकडा आहे गं.
हो ताई, ही म्हणाली. पहिल्यापासूनच.
हे प्रवासात झालं असावं, रस्ते किती खराब होते, असं मी सांगू लागलो. दोघी आवाजाच्या दिशेनं वळल्या. ताईंची नजर माझ्या अंगावरून पुढे गेली आणि मागच्या भिंतीवर जाऊन थांबली.
हिचीही.