बोरिवली तिसऱ्या नंबरवर

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ७.१०

नवीन वही. नवीन वर्षाचा संकल्प: न विचारता कोणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. गिरिजा म्हणाली, हा संकल्प गेल्या वर्षीही होता, संक्रांतीपर्यंतसुद्धा टिकला नाही. बायकोची स्मरणशक्ती नको तिथे चांगली असते.

मोठी बातमी. आमची नात समिधा डॉक्टर झाली. आता पुढचं तीन वर्षांचं ट्रेनिंग. सरकारी साइटवर एकोणतीस हॉस्पिटलांची यादी आलीय, अख्ख्या महाराष्ट्रातली. ती आपापल्या पसंतीच्या क्रमाने लावून द्यायची. शिवाय कोणत्या विभागात आधी काम करायचं, कोणत्या नंतर, तोही क्रम द्यायचा. त्याला रोटेशन म्हणतात. सोळा तारखेला संध्याकाळी पाचला लिस्ट लॉक. मग मेरिटप्रमाणे जागा.

मी ह्यात अजिबात लक्ष घालणार नाही. मुलगी हुशार आहे, तिचं ती बघेल.

संध्याकाळी ६.००

लक्ष घातलं.

इलाज नव्हता. साइट दिवसभर हँग होते. समिधा बारा-बारा तास ड्यूटीवर. मुलगा नीरज बँकेत, सूनबाई ममता शाळेत. घरात कॉम्प्युटर येणारा आणि रिकामा माणूस एकच. कॉम्प्युटर मी स्वतःच्या बळावर शिकलोय. शिकवणारे तिघे लाभले होते, तिघेही दुसऱ्या दिवशी फिरकले नाहीत. समिधाने पासवर्ड दिला. म्हणाली, आजोबा, मी कागदावर क्रम लिहून देते, तुम्ही फक्त टाइप करा. ‘फक्त’वर जोर होता. दमली असेल पोर.

मंगळवार, ६ जानेवारी

कागद मिळाला. एक नंबर बोरिवली, दोन ठाणे, तीन कल्याण. नंदुरबार एकदम शेवटी, एकोणतिसाव्या नंबरावर. आमची नात आहे, तिला कळतं.

पहिल्या ओळीवर मात्र खोडरबर इतका घासलाय की कागदाचा पापुद्रा झालाय. आधी तिथे दुसरं काहीतरी लिहिलं होतं. डॉक्टरांचं हस्ताक्षरच वाईट, लिहितात आणि खोडतात.

तिची एक सीनिअर आहे, सुचेता. ती नंदुरबारला ट्रेनिंग करते. समिधा तिच्याशी रोज अर्धा अर्धा तास गॅलरीत उभी राहून बोलते आणि हसते. ती पोरगी तिकडे एकटी पडली असणार. समिधा धीर देत असते. मन मोठं आहे आमच्या समिधाचं.

गुरुवार, ८ जानेवारी. दुपारी ३.००

यादी आंधळेपणाने टाइप करणं मला पटत नाही. शास्त्रीय पद्धतीने मार्क द्यायला घेतलेत. निकष तीन. शिकवणारे डॉक्टर कसे, पेशंट किती आणि मीरा रोडला घरी पोचायला किती वेळ. पहिल्या दोन गोष्टींतलं मला काही कळत नाही, म्हणून तिसरीला शंभरपैकी शंभर.

बोरिवली पहिली आली. निःपक्षपाती काम असं असतं.

गिरिजाने विचारलं, तुम्हाला नात जवळ हवी असं सरळ म्हणा की. मी म्हटलं, माझा काय संबंध? माझं बीपी ती बघते, रात्रीच्या गोळ्या ती काढून देते, जेवताना माझ्याशी वाद घालणारी तीच एक आहे, हे सगळं वेगळं. इथे प्रश्न करिअरचा आहे.

शनिवार, १० जानेवारी

बोरिवलीला साइट इन्स्पेक्शन केलं. बसने गेलो, कारण आपल्या रिक्षा दहिसर नाक्यापुढे जात नाहीत. दाराशी वॉचमनने विचारलं, पेशंट कौन है. मी म्हटलं, कोई नहीं, अभी डॉक्टर आनेवाली है. तो बाजूला झाला. कँटीनचा उपमा मऊ, वर लिंबाची फोड. बसायला बाकं भरपूर. झाडाखाली सावली आहे, म्हणजे मी डबा घेऊन आलो तर थांबायची सोय झाली. शैक्षणिकदृष्ट्या जागा उत्तम.

रोटेशनही लावून टाकलं. मे महिन्यात डोळ्यांचा विभाग, आंबे निवांत खाता येतील. गणपतीत त्वचा. खरूज-नायटा काय, दीड दिवस थांबू शकतो. दिवाळीत मानसोपचार, सणासुदीला सगळे आनंदातच असतात. अपघात विभाग शेवटी. तोपर्यंत कदाचित अपघात कमी झालेले असतील.

सोमवार, १२ जानेवारी. पहाटे ५.३०

झोपेतून उठलोच. केवढी मोठी चूक करत होतो.

दादरला साड्यांच्या दुकानात अडतीस वर्षं काउंटरवर काढली मी. बाई दुकानात आली की तिला हवी असलेली साडी ती पहिल्यांदा कधी मागते का? कधीच नाही. आधी कोपऱ्यातल्या साध्या सुती साडीवर बोट ठेवते. मग आणखी एक बघते. तिसऱ्या वेळी, जणू सहज, ‘ती हिरवी दाखवा बरं’ म्हणते. पहिलं बोट ठेवलं की मन उघडं पडलं, आणि मन उघडं पडलं की समोरचा ताठरतो. साधी साडी मागणाऱ्या बाईसाठी मात्र मीच माळ्यावरचा गठ्ठा उतरवून देत असे.

आणि इथे आम्ही बोरिवली एक नंबरवर लिहून मोकळे! सगळी मुंबई तेच लिहिणार. वरचे लोक म्हणणार, घ्या, आणखी एक बोरिवलीवाली.

म्हणून, एक नंबरवर नंदुरबार. कोपऱ्यातली सुती साडी. दोन नंबरवर हिंगोली. तीन नंबरवर, सहज म्हणून, बोरिवली. रोटेशनमध्येही हाच न्याय. पहिला अपघात विभाग. बघणाराही चाट पडेल, म्हणेल, कष्टाळू मुलगी दिसते, हिला घराजवळ द्या.

सकाळी ११.००

गिरिजाला योजना सांगितली. ती म्हणाली, तिकडे दुकानदार नसतो, कॉम्प्युटर असतो. मी म्हटलं, कॉम्प्युटरलाही माणसानेच शिकवलं ना? आणि तो माणूस कधीतरी बायकोबरोबर साडीच्या दुकानात बसलाच असेल. गिरिजा कुकर लावायला उठली. पटलं की ती अशीच कामाला लागते.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ झाला. संकल्पाबद्दल गिरिजाने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

समिधाला लिस्टमधला बदल सांगावा का? अजून नाही. साडीचं कौशल्य तिला समजावायला अडतीस वर्षं लागतील, आणि हातात दोन दिवस आहेत.

गुरुवार, १५ जानेवारी. सकाळी ८.००

समिधाने ड्यूटीवर जाण्याआधी लॅपटॉप उघडून लिस्ट पाहिली. पुन्हा पाहिली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मला वाटलं, आता रागावणार. रागावली नाही. माझ्याकडे बघतच राहिली.

“आजोबा, हे तुम्ही मनापासून केलंत?”

मी म्हटलं, पूर्ण विचार करून. अडतीस वर्षांचा अनुभव आहे त्यामागे.

“नक्की ना? नंतर तुम्हाला त्रास व्हायला नको.”

मी म्हटलं, मला कसला त्रास, त्रास झाला तर बोरिवलीवाल्यांना होईल. ती हसली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. जाताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून गेली. योजनेची खोली तिला एका नजरेत कळली. शेवटी रक्त आपलंच.

शुक्रवार, १६ जानेवारी. संध्याकाळी ४.५०

लॉक केली. ओटीपी समिधाच्या मोबाइलवर आला, तिने ड्यूटीवरून फोन करून सांगितला. दोनदा विचारलं, काही बदललं नाही ना? नाही म्हटलं. तिने सुटकेचा श्वास सोडला, तो फोनमध्ये ऐकू आला. पोरीला किती काळजी बोरिवलीची.

मंगळवार, २० जानेवारी

निकालाची वाट बघत हातावर हात ठेवून बसणारा मी नव्हे. काशीगावच्या नाथा सुताराला बोलावून समिधाच्या खोलीचं माप दिलं. खिडकीखाली चार फुटांचं अभ्यासाचं टेबल, खाली ड्रॉवर, बाजूला पुस्तकांचा कप्पा. तीन वर्षं घरात राहून शिकायचं म्हणजे टेबल हवंच. नाथाने विचारलं, मॅडमला विचारलंत का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. ममता म्हणाली, बाबा, निकाल तरी लागू द्या. आजच्या पिढीत आत्मविश्वास कमी.

मंगळवार, २७ जानेवारी. दुपारी १.१५

निकाल लागला.

नंदुरबार. पहिली पसंती. रोटेशन: पहिला अपघात विभाग.

दुपारी १.४०

काहीतरी टेक्निकल चूक आहे. साइट दोनदा बंद करून उघडली. लॅपटॉप बंद करून उघडला. वायफायही बंद करून उघडलं. नंदुरबार.

नीरजने फोनवर समजावलं. मेरिटप्रमाणे नंबर आला की कॉम्प्युटर यादी वरून वाचतो आणि पहिली जी जागा रिकामी असेल ती देतो. बाकीची यादी वाचतच नाही. कसला हा धंदा! गिऱ्हाईकाने तोंड उघडलं की पहिलीच साडी पिशवीत कोंबायची? अशाने एक दुकान चालायचं नाही.

संध्याकाळी ७.३०

समिधा आली. मी माफी मागायची तयारी केली होती, वाक्यंसुद्धा पाठ केली होती. बोलू दिलंच नाही. दारातच वाकून नमस्कार, मग गळ्यात पडली.

“मला पहिल्यापासून नंदुरबारच हवं होतं, आजोबा. सुचेताताई म्हणते, तिकडे एका वर्षात जे हाताला लागतं ते इकडे तीन वर्षांत लागत नाही. पण तुम्हाला कसं सांगू? म्हणून खोडून शेवटी टाकलं. आणि तुम्ही न सांगता ओळखलंत.”

आता ह्यावर माणसाने काय म्हणावं? मी म्हटलं, ओळखलं होतं. नीरज म्हणाला, बाबा, मानलं तुम्हाला. ममताने डोळे पुसले. शेजारच्या हंसाबेन पेढा खायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, ऐसा दादा सबको मिले. गुजरातीत आजोबांना दादा म्हणतात. मी नम्रपणे मान खाली घातली. दुसरीकडे कुठे बघणं शक्यच नव्हतं.

गिरिजा एकटीच शेवया ढवळत होती. सगळे पांगल्यावर तिने हळूच विचारलं, तीन नंबरवर काय होतं हो? मी म्हटलं, आठवत नाही. तिने माझ्या वाटीत एक चमचा तूप जास्त घातलं आणि विषय कायमचा मिटवला. बावन्न वर्षांच्या संसारात तिने मला इतकं स्वस्तात कधी सोडलं नव्हतं.

शुक्रवार, ३० जानेवारी

निर्णय माझाच होता, हे आता मलाही पटू लागलंय. सगळी बिल्डिंग म्हणते म्हणजे काहीतरी तथ्य असणारच. लिफ्टमध्ये दोघांनी अभिनंदन केलं. मी म्हणतो, मुलांना उडू द्यावं. वाक्य चांगलं आहे, दोनदा वापरलं. तिसऱ्यांदा वापरायला लागू नये म्हणून जिन्याने आलो. व्यायाम हवाच.

समिधा बॅग भरतेय. मी देखरेख करतोय. गोधडी, लसणाची चटणी, टॉर्च, साखळीचं कुलूप. तिने टॉर्च आणि कुलूप बाहेर काढलं. मी परत आत घातलं. तिने बीपीचं मशीन मला पुन्हा शिकवलं. पट्टा कोपराच्या वर, बोलायचं नाही, हलायचं नाही. रोज सकाळी आकडा पाठवायचा. मी म्हटलं, मला येतं. येत नाही, पण शिकवणारी दुसऱ्या दिवशी फिरकणार नव्हतीच, तिला कशाला काळजी.

रविवार, १ फेब्रुवारी

नंदुरबारची गाडी बोरिवलीला थांबते. म्हणजे शेवटी बोरिवली मिळालीच. चार मिनिटं.

समिधा दारात उभी राहून हात हलवत होती. मी तिला एवढंच सांगायचं ठरवलं होतं की बाळ, करायचं होतं भलतंच आणि झालं भलतंच. तोंडातून निघालं, खिडकीशी पाण्याची बाटली ठेव. गाडी वेळेवर सुटली. एरवी रेल्वेला उशीर करायला काय होतं?

घरी आलो तर दारात नाथा सुतार, टेबल घेऊन. माप अगदी बरोबर. खिडकीखाली चपखल बसलं. त्याने विचारलं, मॅडमला आवडलं का?

सोमवार, २ फेब्रुवारी

टेबल वाया जाऊ नये म्हणून मी त्यावर लिहायला बसतो. खोलीत शांतता आहे. अभ्यासाला फार चांगली. कोणाच्या, ते अजून ठरायचंय.

सोमवार, ९ फेब्रुवारी

समिधाचा फोन. दोन मिनिटं दहा सेकंद. सापाने चावलेला सहा वर्षांचा पोरगा वाचला, तिने रात्रभर हात धरला होता त्याचा. आवाज घोगरा, पण असा आनंद तिच्या आवाजात मी आधी ऐकला नव्हता. हे मला आवडलं. मनापासून आवडलं. तेवढ्यात तिला कोणीतरी ‘डॉक्टर, डॉक्टर’ अशी हाक मारली, मग फोन राहिला. बीपीचा आकडा तिने विचारला होता. मी कालचा सांगितला. काल घेतलं नव्हतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.००

हंसाबेन आल्या, सोबत हांडव्याचा, म्हणजे त्यांच्या डाळ-तांदळाच्या तिखट केकचा, डबा. नातवाचं, राजचं, काम होतं. त्याला नोकरी लागलीय, कंपनीने ट्रेनिंगसाठी पाच शहरांचा क्रम मागितलाय. बिल्डिंगमध्ये ह्या विषयातला जाणकार मीच, असं सगळ्यांचं मत. “पंढरीभाई, आप ही लगा दो.”

मी चष्मा लावला, कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. राजला काय हवंय, विचारलं. पुणे, म्हणाल्या. मी म्हटलं, पहला नंबर पुणे लिखो. त्या पुढचं ऐकायला थांबल्या. पुढे काही नव्हतं.

“बस? इतना तो मेरे को भी आता था.”

मी विचारलं, राज इथेच राहावा असं नाही वाटत? त्या म्हणाल्या, वाटतं ना, खूप वाटतं, म्हणून तर मी फॉर्मला हात लावत नाही. मग दारात क्षणभर घुटमळल्या, डबा ठेवावा की परत न्यावा ह्या विचारात. ठेवला.

हांडवो चांगला खमंग होता. चार तुकडे. घरात माणसं चार. बरोबर पुरले, वाटणीवरून वाद झाला नाही.