सतरा इंची चाकं

रविवार, १९ मार्च २००६

डर्बीहून चाकं आणली. चार अलॉय, सतरा इंची, पाच आऱ्यांची. टायर नाहीत. विकणाऱ्याची गाडी गेली, चाकं गॅरेजमध्ये पडून होती. एकाला फुटपाथची कड घासलीय, बाकी झकास. आपली गाडी दहा वर्षांची, बिस्किटी रंगाची, एका रिटायर्ड माणसाकडून घेतलेली. तिला ही चाकं म्हणजे आजोबांना स्पोर्ट्स शूज. सुजाता दारात उभी. "चार परातींसाठी अख्खा रविवार घालवलास?"

उतरवताना एक चाक डाव्या हातातून सुटलं. इतकं जड नव्हतं. बोटांनी धरलंच नाही. ड्राइव्हवेवर गोल गोल फिरत राहिलं, मग आडवं झालं. कडेचा टवका उडाला.

थंडी असेल.

बुध. २२ मार्च

जेवताना सु.ला टायरचा साइज समजावला. तिनेच विचारलं म्हणून. आत्ताचे १९५/६५/१५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिम, इंचात. रिम मोठी केली की भिंत बुटकी करायची, म्हणजे बाहेरचा घेर तेवढाच राहतो आणि स्पीडोमीटर खरं बोलतो. सु. लॅबमध्ये काम करते, आकडे तिला आवडतात. पेपर नॅपकिनवर गणित करून म्हणाली, "म्हणजे बाहेरून सगळं तेवढंच. आत हवा कमी."

बरोबर. साधारण एक इंच कमी.

"मग खड्ड्यात?"

"खड्डे पुण्यात राहिले."

जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली. डाव्या हाताला मुंग्या नाहीत, दुखत नाही, फक्त शर्टाची बटणं लागत नाहीत.

शनि. ८ एप्रिल

मिलिंद आला कॉव्हेंट्रीहून. नागपूरचा, कॉलेजपासूनचा, गाड्यांसाठी वेडा. चाकांभोवती उकिडवा बसून राहिला.

"२२५/४५ टाक, मक्या. डोळे मिटून."

घेर तंतोतंत जुळतो, खरंय. पण ही रिम मूळ रिमपेक्षा रुंद, शिवाय बाहेरच्या बाजूला जास्त येते. मागे दोघं बसले आणि डिकीत सामान असलं तर २२५ चाकावरच्या आर्चला घासणार. मी म्हटलं २१५/४५. तो म्हणाला वजन पेलायचा आकडा बघ. बघितला. मूळ टायरपेक्षा कमी. म्हणजे तेही बाद. उरलं २०५/५०, जादा वजन पेलणारं. दिसायला जरा गरीब.

"काऊन बे, कोण बसणार आहे मागं? दोघंच तर आहात तुम्ही."

सु. तेव्हा चहा घेऊन आली. ट्रे ठेवून आत गेली. मूल हवं म्हणून गेली दोन वर्षं काय चाललंय ते मि.ला माहीत आहे. विसरला असेल.

जाताना त्याने हात मिळवला. म्हणाला, "अरे, दाब ना नीट."

गुरु. ११ मे

हॉस्पिटल. जीपी म्हणाला होता मानेतली नस दबली असेल. मग न्यूरॉलॉजीत कशाला पाठवलं? दंडात, मांडीत, हनुवटीखाली सुया खुपसून मशीनवर आवाज ऐकत होते. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. डॉक्टर तरुण मुलगी, आधी गप्पा मारत होती. मांडीच्या सुईनंतर गप्पा थांबल्या.

हात डावा आहे. मांडीत काय बघत होती?

मंगळ. ६ जून

मोटर न्यूरॉन डिसीज.

कन्सल्टंटने खुर्ची टेबलाच्या अलीकडे आणली तेव्हाच कळलं. सु.ने सगळं नीट विचारलं, मी भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होतो. स्नायू चालवणाऱ्या नसा मरत जातात; औषध एक आहे, त्याने थोडं लांबतं. किती, ते माणसागणिक वेगळं.

गाडी मीच चालवली. घरी आल्यावर सु. दूध आणायचं राहिलं म्हणून रडायला लागली. दुकान समोरच आहे.

शुक्र. ९ जून

अलॉय लावणार हे इन्शुरन्सला कळवावं लागतं. फोन केला. बाई गोड बोलत होती. चाकांचा साइज लिहून घेतला, मग ठरलेले प्रश्न. पत्ता तोच? काम तेच? तब्येतीत काही बदल?

सांगितलं. लायसन्स ऑफिसलाही कळवलंय म्हणालो.

बराच वेळ फक्त कीबोर्ड. मग म्हणाली, "अलॉयचा काही प्रॉब्लेम नाही, सर." आणि मग, एकदम हळू, "आय अॅम सो सॉरी."

पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं.

मि.ला कालच सांगितलं. "अबे नाही" म्हणाला, मग "मी करतो तुला फोन" म्हणाला.

रवि. २५ जून

आईचा फोन. दर रविवारचा. अजून तिला काही सांगितलेलं नाही. दुपारची वेळ, जेवून सुस्त पडलो होतो. बोलताना जीभ अडखळली. गेल्या आठवड्यापासून होतंय, 'स' आणि 'र' नीट निघत नाहीत.

"मकरंद, जीभ का जड झालीय तुझी? दारू प्यायलास?"

"थोडी."

"भरदुपारी?"

"रविवार आहे ना, आई."

ती म्हणाली, "सुजाताला दे." सु.ने मान हलवून नको म्हटलं. मी फोन ठेवला.

"हे काय बोललास तू?"

"दुसरं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, बरा कधी होणार."

सु. वर निघून गेली. मी चाकं पुसत बसलो. एका हाताने.

शनि. १५ जुलै

मि.चा फोन नाही.

काल राउंडअबाउटवर गिअर पडेना. गिअर डाव्या हाताला. न्यूट्रलमध्ये मधोमध उभा, मागे सगळे हॉर्न वाजवतायत, आणि मी उजवा हात आडवा घालून दांडा ढकलतोय. सु. शेजारी. तिने माझ्या हातावर हात ठेवून दुसरा गिअर टाकला. घरी येऊन किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली मी. ती म्हणाली, "डॉक्टर नाही म्हणेपर्यंत तरी…" मी म्हटलं, पुरे.

तिचं लर्नर लायसन्स आहेच. शिकतेय. टेस्ट ऑगस्टमध्ये.

टायर मात्र ठरले. २०५/५०/१७, जादा वजनाचे. मागे माणसं बसणार आता. व्हीलचेअरही. २२५ घासलं असतं. डेव्हकडून बसवून घेतले. गॅरेजवाला डेव्ह, इथल्या लोकांसारखा सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणतो. मागे सरून बघत म्हणाला, "लुक्स अ डिफरंट कार, डक." दिसतेही. एवढी सुंदर दिसेल वाटलं नव्हतं.

सु. विचारत होती, "आत्ता, आत्ता हे कशाला मकरंद?"

एक तरी काम पुरं व्हावं म्हणून. असं तिला म्हटलं नाही.

मंगळ. २२ ऑगस्ट

सु. पास! पहिल्या फटक्यात. दारातूनच ओरडली. मी उठायला गेलो, पडलो. गालीचा होता, लागलं नाही फारसं. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली, हातात पास झाल्याचा कागद. तसेच बसलो दोघं.

रवि. ३ सप्टें.

आता टाइप करतोय, उजव्या हाताचं एक बोट. चुका राहू देत.

मॅटलॉकला गेलो. सु.ची पहिली लांब ड्राइव्ह, मी शेजारी. रस्त्याचा प्रत्येक सांधा, प्रत्येक ठिगळ मानेत येत होतं. मी चालवत होतो तेव्हा हा रस्ता असा नव्हता. तो एक इंच. नॅपकिनवरचा.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना."

एका गावात स्पीड बंप. सु.ने स्पीड कमी केला होता, तरी धाडकन बसला. डोकं पुढे पडलं आणि हनुवटी छातीवर. वर येईना. उचलायचं म्हणतोय, येईना. फक्त स्वतःच्या मांड्या दिसतायत. सु.ने रस्त्याकडेच्या लेबायमध्ये गाडी घेतली, दोन्ही हातांनी डोकं उचलून सीटला टेकवलं, जॅकेटची गुंडाळी करून मानेशी लावली.

आणि मला हसू फुटलं. या आजारात होतं असं, नर्सने सांगितलं होतं. रडू यायच्या जागी हसू, आणि थांबत नाही. मोठ्याने, तोंड उघडं टाकून.

"हसू नकोस. मकरंद, प्लीज हसू नकोस."

थांबेना. ती दार उघडून बाहेर गेली. रस्त्याकडे पाठ करून कुंपणाशी उभी राहिली. खांदे हलत होते. पलीकडे मेंढ्या. मी आत हसतोय.

मॅटलॉक पाहिलं नाही. परत आलो.

शनि. १६ सप्टें.

सु. "जरा जाऊन येते" म्हणून गेली. आली तेव्हा गाडीला जुनी स्टीलची चाकं. त्यावर नवे टायर, १९५/६५/१५. अलॉय मागच्या सीटवर आणि डिकीत, पोत्यात गुंडाळलेली.

"मूळ साइज," म्हणाली. "वजनाचा आकडा बघितला. डेव्हला म्हटलं, भिंत मऊ असेल तो द्या. त्याने दोन दाखवले, मी अंगठ्याने दाबून बघितले."

मी टाइप केलं, माझी गाडी.

तिने वाचलं. कोट न काढता खुर्चीत बसली. "गाडी तुझीच. चालवते मी. आणि तुझं डोकं उचलते तीही मीच."

मग एकेक चाक शेडमध्ये नेलं तिने. एकटीने. मी खिडकीतून बघत होतो.

बुध. २० सप्टें.

शनिवारपासून तिच्याशी बोललो नाही. तिला फरक कळला की नाही, शंकाच आहे. तसंही माझं बोलणं आता तिच्याशिवाय कोणाला कळत नाही.

आज क्लिनिकला गेलो. रस्ता नेहमीचाच, उखडलेला. मान दुखली नाही. सांगितलं नाही तिला. परत येताना ती म्हणाली, "आज गोळी मागितली नाहीस." मी खिडकीबाहेर बघितलं.

क्लिनिकमध्ये पोटात नळी घालण्याबद्दल बोलले. वजन कमी होतंय. लवकर ठरवा म्हणाले, श्वास बरा आहे तोवर.

शनि. १४ ऑक्टो.

मि. आला. न कळवता. जूनमध्ये सांगितल्यापासून पहिल्यांदा. दाढी वाढलेली. मला बघून दारातच थबकला. वजन फार उतरलंय माझं, आणि मानेला कॉलर.

सोफ्याच्या कडेवर बसला. "मला काय बोलावं कळत नव्हतं बे. म्हणून आलो नाही."

टाइप केलं, मलाही कळत नाही. पण मला इथेच राहावं लागतं.

वाचून त्याने तोंड फिरवलं. मग उठून शेडमध्ये गेला. अलॉय बाहेर काढून धुतली, अंगणात, गार पाण्याने, अर्धा तास. सु.ला म्हणाला, "वहिनी, विकायची असतील तर माझ्या ओळखीत…"

"विकायची नाहीत," सु. म्हणाली.

मी बघितलं तिच्याकडे. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

निघताना मि.ने येण्याचं खरं कारण सांगितलं. आईने कुठून तरी त्याचा नंबर मिळवला. "काकूंचा फोन होता. मकरंदची दारू सोडवायला मी येते म्हणाल्या. व्हिसा झालाय म्हणे. तिकीटही." तो माझ्या हातांकडे बघत होता. "मी काही बोललो नाही. हो काकू, म्हटलं."

सोम. १६ ऑक्टो.

सु. म्हणते आईला आजच्या आज फोन करून सांगू. मी नाही म्हटलं. फोनवर ऐकून ती विमानात एकटी एवढे तास काय करेल? शेजारी कोणी परकं माणूस, जेवणाचा ट्रे पुढे.

"मग इथे उतरल्यावर काय करेल?" सु.

इथे आपण असू.

"आपण," ती म्हणाली. एवढंच.

रवि. ५ नोव्हें.

सकाळ. आईचं विमान दुपारी बर्मिंगहॅमला.

सु. काल पेट्रोल पंपावर जाऊन टायरमध्ये हवा भरून आली, चार माणसांच्या वजनाची. दाराच्या कडेला आकडे लिहिलेत तिथे बघून. मागच्या टायरना जास्त. मि. येणार आहे, चेअर काढा-घालायला. मागची सीट आईसाठी मोकळी. सु.ने तिथे शाल ठेवलीय, नोव्हेंबर तिला सोसणार नाही म्हणून.

मला आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट घातला. शर्ट माझाच, पण दुसऱ्या कोणाचा वाटतो. दाढी करताना सु. म्हणाली, "आत येतोस की गाडीत थांबतोस?"

आत गेलो तर चेअरवर. बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर. ती ट्रॉली ढकलत येईल, तिला लांबूनच दिसेल, आणि माझ्यापर्यंत पोचेपर्यंत सगळं अंतर तिला चालत यावं लागेल, ते बघत बघत. मला पुढे जाता येणार नाही.

गाडीत थांबलो तर काचेआड. सीटला टेकून, कॉलर काढून. सु. दार उघडेपर्यंत मी तिला ठीक दिसेन. मिनिटभर.

मि.ची गाडी वाजली बाहेर. सु. कोट घालतेय. पुन्हा विचारतेय, "मकरंद, काय ठरवलंस?"

थांब, लिहितोय म्हणून खूण केली.