कड्यावरचं लाल कापड

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र लिहावं लागलं त्याचं कारण एकच. तुमच्या कंपनीचं हेलिकॉप्टर माझ्या चौकीवरच्या कड्याला रोज घासून जातं, आणि तिथे रानशेळ्या व्यायला आल्या आहेत. आवाज आला की गाभण माद्या कपारीतून उधळतात. काल एकीचा पाय घसरला, थोडक्यात वाचली. आता करडं होतील. ती उधळली तर सरळ दरीत.

वनखात्याच्या साहेबांना कळवलं. ते म्हणाले, बाई, आकाश आमच्या हद्दीत येत नाही. तू मात्र अजून माझ्या हद्दीत येतोस. तुझ्या प्रवाशांनी बर्फात उभं राहून हवे तेवढे फोटो काढावेत, पण दुसरीकडे. बर्फाने फोनची तार तुटली आहे, तेव्हा उत्तर पत्रानेच दे आणि स्वतः लिही, बायकोला बसवू नकोस.

लोभ आहे. तो टिकवणं तुझ्या हातात.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ताठ बसून वाचलं. बायको म्हणाली, बाईंनी वर्गाबाहेर उभं केलेलं दिसतंय.

ताई, वरून शेळ्या दिसतच नाहीत गं. त्या आणि खडक एकाच रंगाचे. तू कड्याच्या माथ्यावर काठीला लाल कापड बांध, म्हणजे जागा ओळखू येईल. सकाळी आम्ही तिघे पायलट एकत्र चहा घेतो, तेव्हा बाकी दोघांना सांगून ठेवतो की कापड दिसलं की लांबून जायचं. मालकाला सांगण्यात अर्थ नाही, त्याने कडा जाहिरातीत छापलाय. हे आमचं आमच्यात राहू दे.

गुडघे सांभाळून चढ. रागातही थोडा लोभ असू दे.
तुझा धाकटा

१५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जुनी चादर फाडून बांधली. तेव्हापासून कड्यावर शांतता आहे. पहिलं करडू झालं. तासाभरात उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. तुला याला वर्ष लागलं होतं. तू कामाचा निघालास, हे एकदाच लिहून देते, पुन्हा मागू नकोस.

लोभ वाढला आहे, उतू नकोस.
ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

आम्हा तिघांनाही एका दिवसात समुद्राकडच्या तळावर हलवलं. तुझ्याकडे नवे पायलट आलेत. सामान लावताना एकदम आठवलं. काठीवर फडकणारं कापड कुठल्याही पायलटला एकच गोष्ट सांगतं: वारा बघायला लावलंय, इथे उतरा. आम्हा तिघांपुरतं ठरलेलं मी जगाला ठाऊक धरून बसलो. जुन्या तळावर फोन केला, तर तिथला माणूस म्हणतो, लेखी पाठवा. ताई, हातातलं टाकून वर जा, काठी उपट. मी रजा मागतोय, देत नाहीत.

लोभाचं काय मागू? फक्त वेळेवर पोच.
धाकटा

२४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज मिळालं. हेलिकॉप्टर परवाच उतरलं.

मी धावत वर गेले तेव्हा प्रवासी फोटो काढत होते. पायलट पोरगेलासा, सभ्य. टोपी काढून माझे आभार मानले. म्हणाला, कापड छान लावलंय, वारा लगेच कळला. त्याच्यावर ओरडणार होते. त्याचं काय चुकलं होतं? खालच्या कपारीत एकही शेळी उरली नव्हती.

काठी मी त्याच्यासमोर उपटली. काल ते पुन्हा तिथेच उतरले, आजही. जागा आता त्यांच्या नकाशावर आहे, कापड लागत नाही. साहेब म्हणतात, वर कळवलंय. वाचलेल्या माद्या कपारीत परतायला बघतात, म्हणून मी उद्या माथ्यावर जाऊन बसणार आहे. माणूस दिसला तर उतरणार नाहीत, एवढंच सुचतं आहे. दुसरं काही सुचत असेल तर लिही, पण लवकर लिही.

तुझं किती चुकलं, माझं किती, हे मोजत बसू नकोस. लोभ सोडू नकोस, मला आत्ता तो लागेल.
ताई

ता. क. संध्याकाळी वनखात्याच्या गाडीत दिलं: मेलेल्या माद्या दोन. मेलेली करडं चार. जिवंत करडू एक, माझ्या शालीत गुंडाळून. शाल परत नको म्हणून सांगितलं.