पाच तोंडांची वही

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने शिवणाचं मशीन थांबवून ते मला दोनदा वाचून दाखवलं आणि दुसऱ्या वेळी नको तिथे हसली. आता हे पत्र सांगतेय मी, पण लिहितेय तीच. त्यामुळे तिच्याबद्दलच्या तक्रारी तू घरी आलीस की समोरासमोर.

तू फोन कर म्हणतेस. पण फोनवर तू हो हो म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाला असं हो हो करता येत नाही.

तुझ्या पत्रात नुसतं रडगाणं होतं. म्हणे छातीतल्या जळजळीवर नवी गोळी आली आहे, ती लोकांवर तपासायची आहे, आणि लोकच मिळत नाहीत. साठ हवेत, आले एकोणीस. साहेब म्हणतात, आकडा भरला नाही तर विभागाला कुलूप. अगं, एवढी शिकलीस आणि जळजळणारी चाळीस माणसं सापडत नाहीत? आपल्या जिन्यावर उभी राहिलीस तर प्रत्येक मजल्यावर दोन भेटतील. पहिली तर मीच. डोक्याखाली दोन उशा घेतल्याशिवाय मला आडवं होता येत नाही, आंबट पाणी थेट घशाशी येतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून मी काय केलं ते ऐक. आपल्या इथल्या मोठ्या दवाखान्यातही तुमच्याच गोळीचा फलक लागलाय. तुझ्या आईने तो वाचला आणि मी आत शिरले. एका चष्मेवाल्या डॉक्टराने अकरा पानं वाचून दाखवली. साक्षीला घरचं माणूस चालत नाही म्हणे, म्हणून बाकावर बसलेला बेकरीवाला साक्षीदार झाला. तोही आमच्याच दुखण्याचा. मग मी अंगठा उठवला. डॉक्टराला वाटलं असेल, म्हातारीला काय कळणार. मी त्याला म्हटलं, चाळीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली, कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा टाका घालून कपडे ओळखले, एकाचा सदरा दुसऱ्याला गेला नाही. तेव्हा कुठे तो नीट बोलायला लागला.

त्याने पुष्कळ प्रश्न विचारले. जळजळ कधी, किती, रात्री की दिवसा. घास अडकतो का, असंही विचारलं. मी चटकन नाही म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

मला एक वही दिली आहे. लिहिता न येणाऱ्यांसाठी त्यात पाच तोंडं छापलीत, खदखदा हसणाऱ्यापासून धो धो रडणाऱ्यापर्यंत. रोज सकाळ संध्याकाळ एकावर खूण करायची. रडणारं तोंड अगदी तुझ्या आत्याचं आहे. तर घे, तुझा विसावा माणूस मिळाला. आता तरी दोन वेळा नीट जेव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी आजी
(अंगठा तिचा, अक्षर आईचं)

*

ता. १३ मार्च

ती. आजीस भिंगरीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची नर्स बघायला आली. मग तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, अशी आजी आम्हाला का मिळत नाही.

पण आजी, एक वाईट बातमी. तिकडची माणसं तिकडच्या खात्यात धरतात. तू माझी विसावी नाहीस, तुझ्या चष्मेवाल्याची कितवी तरी आहेस. माझे अजून एकोणीसच. काल एक बसचालक येऊन फलक पुरता वाचून गेला. मी मागोमाग गेले, तर म्हणाला, बायकोला विचारून येतो. तो काही आला नाही.

दोन गोष्टी मात्र तुला कळायला हव्यात. निम्म्या लोकांना औषधाची गोळी मिळते आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण आत काही नसलेली. तुला कुठली मिळाली हे तुलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. शेवटी सगळ्यांच्या वह्या एकत्र करतात तेव्हाच गोळीत दम आहे का ते कळतं. म्हणून वहीत जसं असेल तसं. जळजळलं तर जळजळलं. आणि दुसरी, नको वाटलं तर कुठल्याही दिवशी सोडता येतं. कारण सांगावं लागत नाही, कुणी रागवत नाही.

आईला म्हणावं, मशीनवर वाकून बसू नकोस, पाठ दुखते. तुझ्या आशीर्वादाची मला रोज गरज लागते, तो असाच राहो.

तुझी,
भिंगरी

*

ता. ६ एप्रिल

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, आणि त्या बायकोला विचारायला गेलेल्या बसचालकाला आजीचा टोला. वि. वि.

वहीची बत्तीस पानं भरली. सगळ्या पानांवर पहिलं तोंड, खदखदा हसणारं. चष्मेवाला पानं उलटत गेला आणि मान डोलवत गेला. बेकरीवाल्याची वही मी बाकावर बसून चोरून पाहिली. त्याच्या पानावर पाचही तोंडांची जत्रा. मी त्याला म्हटलं, अहो, चांगल्या गोळीला असं बदनाम करू नये, माझ्या नातीचं पोट आहे त्यावर. तो म्हणाला, आजी, माझ्या पोटाचं मी लिहितो, तुमच्या नातीच्या पोटाचं तुम्ही लिहा. तोंडाचा फटकळ आहे, पण पाव चांगला भाजतो.

तेव्हा गोळी पास होणार, तू काळजी करू नकोस. तुझ्या साहेबालाही सांग की एका म्हातारीला चुटकीसरशी आराम पडला.

बाकी सगळं ठीक. तुझा बाप मालाची गाडी घेऊन गेलाय, गुरुवारी येईल. तुझी आई एका नवरीचा ब्लाउज तिसऱ्यांदा उसवतेय आणि राग माझ्या जेवणावर काढतेय. म्हणे मी खात नाही. या वयात माणूस किती खाणार? चहात पाव भिजवून घेतला की माझं भागतं. दात राहिलेत कुठे. तू माझं ऐक, हिचं नको. मायेत कमी करू नकोस.

तुझी आजी
(अंगठा)

भिंगरी, इथून पुढचं माझं आहे. आजींनी सांगितलेलं नाही. आजपर्यंत त्यांच्या पत्रात मी एक शब्द पदरचा घातला नव्हता. तुला फोन केला तर मला रडू येईल, आणि घर दोन खोल्यांचं, त्यांना सगळं ऐकू जातं.

दातांचं खोटं आहे. त्यांना घास उतरत नाही. तिसऱ्या चौथ्या घासाला थांबतात, छातीवर मूठ दाबतात, उठून मोरीवर जातात आणि नळ सोडून ठेवतात. पोलकी अंगावर सैल होतात, महिन्यात मी ती दोनदा आत घेतली. काही विचारलं तर म्हणतात, सुनेने सासूचे घास मोजू नयेत. वहीत हसणारं तोंड मात्र नेमाने. मी काय करू?

*

ता. १२ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

बत्तीस हसरी तोंडं ऐकून मजा वाटली. माझा आकडा आता तेवीस झालाय. बसचालक बायकोला घेऊनच आला, आणि जळजळ तिलाही निघाली, तेव्हा दोघांचीही नावं घातली. इथे उकाडा वाढलाय. तू पाणी भरपूर पी. आईचं ऐकत जा थोडं. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
भिंगरी

(दुसरा कागद)

आई, हा फक्त तुझ्यासाठी.

हे वाट बघण्यासारखं नाही. इतकी वर्षं जळजळ असलेल्या माणसाला घास अडकायला लागला तर दुर्बिणीने आत बघावंच लागतं, आणि लवकर. आमच्या इथे असं कुणी सांगितलं तर आम्ही त्याच दिवशी त्याला अभ्यासातून काढतो आणि तपासणीला पाठवतो. ते बहुतेक साधंच निघतं. कधी कधी साधं नसतं. तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

तिच्यावर चिडू नकोस. ती हे माझ्यासाठी करतेय. तिला वाटतं गोळी म्हणजे माझी परीक्षा. पण सगळ्यांनी प्रेमापोटी अशा वह्या भरल्या तर कुचकामी गोळी बाजारात येईल आणि दुसऱ्या कुणाच्या तरी आजी ती गिळत बसतील. मला नोकरी मिळेल दुसरी. आजी नाही मिळणार.

तिला कसं सांगायचं ते मात्र मला सुचत नाही. तू ठरव.

*

ता. २ मे

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, आणि एक धपाटाही. वि. वि.

मला अक्षर येत नाही, ऐकू येतं. पाकिटातून दोन कागद उलगडल्याचा आवाज आला आणि वाचला गेला एकच. तोही चार ओळींचा. तू चार ओळीत कधी संपतेस? मी तुझ्या आईला म्हटलं, दुसरा काढ. ती म्हणाली, हिशेबाचा आहे. मी म्हटलं, मग हिशेब वाच.

तिने वाचला. थांबत थांबत, पण सगळा वाचला. गाळलं असतं तर मला कळलं असतं. नंतर तिने स्वतः काय लिहून पाठवलं होतं तेही सांगून टाकलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. माझ्या पत्रात माझ्या पाठीमागे लिहिते म्हणजे काय? तिसऱ्या दिवशी पाणी पिताना ते पाणीही अडलं. ती पाठ चोळत उभी राहिली, आणि मी म्हटलं, चल.

चष्मेवाल्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. जळजळ एक दिवस थांबली नव्हती. घास तर फलक वाचला त्याच्याही आधीपासून अडकत होता. मला वाटलं आता ओरडेल. त्याने वही मिटून बाजूला ठेवली, माझी पानं बाद झाली म्हणून सांगितलं, आणि विचारलं की एवढे दिवस का नाही बोललात.

मी तुझं नाव सांगणार होते. नातीची नोकरी, नातीची गोळी. तूही तुझ्या कागदात तेच लिहिलंस. पण भिंगरे, ते खरं नाही. अर्धंच खरं आहे. माझी थोरली बहीण अशीच गेली. आधी भाकरी अडली, मग पेज, मग पाणी. तिला मी चमच्याने पाजलंय. हे मी तुझ्या बापालाही कधी सांगितलं नाही. आत दुर्बीण घातली तर तेच दिसेल, म्हणून कुणी आत बघूच नये असं मला वाटत होतं. माझी भीती मी तुझ्या नावावर खपवत होते. त्या वहीत पाच तोंडं होती, पण भ्यालेलं एकही नव्हतं. असतं तर कदाचित त्याच्यावर खूण केली असती. तुझ्या साहेबाला सांगून बघ. आणि ती परत जाणारी माणसं गोळीला भिऊन जात नसतील. त्यांना आधी बसव आणि पाणी दे. अकरा पानं नंतर वाच.

आता बातमी. दुर्बीण घातली. अन्ननलिका आतून पोळून पोळून अरुंद झाली होती. एक बारीक फुगा घालून ती रुंद केली. एक तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवस मी काय केलं ते विचारू नकोस. उत्तर काल आलं. बहिणीचं दुखणं नाही. फुगा आणखी एकदा घालावा लागेल आणि औषध कायमचं. यावेळी औषध साधं, जुनं, पास झालेलं.

बेकरीवाल्यालाही हे सांगितलं. त्याने एक मऊ पाव कागदात बांधून दिला.

आता मी बाहेर जिन्यात जाऊन बसतेय. खालची जागा तुझ्या आईला ठेवलीय. तिला हवं ते लिहू दे. मला वाचून दाखवायचं नाही, असं मीच तिला सांगितलंय. जीव लावलायस तो तसाच असू दे.

तुझी आजी
(अंगठा)

भिंगरी, आजी खरंच उठून गेल्या. आज सकाळी त्यांनी पाव खाल्ला, कोरडा, न भिजवता, अख्खा. मी हातातलं काम टाकून समोर बसून बघत होते. शेवटचा तुकडा उरला तेव्हा तो माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, माझे घास मोजून झाले असतील तर आता तूही खा.