काकूंनी उचललेला चेंडू

सर, परवा अकोल्याच्या मैदानावर काकूंनी चालू खेळातला चेंडू उचलला. फटका तुमच्या नातीचा होता, आणि प्लेटमागे अंपायर म्हणून मी उभी होते. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण दर वेळी मनातल्या मनात बोलून मी मोकळी झाले. या वेळी तसं होत नाहीये. हे तुमच्याशी भांडण आहे, आणि भांडण तोंडाने करायला गेले की मी आधी रडते, म्हणून लिहितेय.

मुलींच्या बेसबॉलचा अंतिम सामना होता, अमरावती आणि अकोला. जिंकेल तो संघ राज्याला जाणार. सकाळीच मी आयोजकांना सांगितलं होतं की अमरावतीच्या संघात माझ्या सरांची नात आहे, या सामन्याला मला ठेवू नका. त्यांनी सरळ हातच जोडले. "मॅडम, बेसबॉलचा दुसरा अंपायर आणू कुठून? क्रिकेटचे म्हणाल तितके देतो." त्यात वरून आलेले निरीक्षक चहा पिता पिता मला म्हणाले, "राज्याच्या अंपायर पॅनलसाठी या वर्षी तुमचं नाव पाठवतोय." किती वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहत होते ते तुम्हाला माहीत आहे. चहा कसा होता ते मला आठवत नाही.

मैदानाच्या उजव्या टोकाला कुंपण नाही, नुसता उतार आहे. म्हणून सामन्याआधी दोन्ही कोचना बोलावून आम्ही ठरवलं होतं की त्या बाजूला हद्द नाही, चेंडू कितीही लांब गेला तरी खेळ चालू. प्रेक्षकांच्या खुर्च्या निंबाखाली, चुन्याच्या रेषेबाहेर मांडलेल्या होत्या. पण अकोल्याचं ऊन! सावली सरकली तशा खुर्च्याही सरकल्या आणि दुपारनंतर निम्मी मंडळी रेषेच्या आत येऊन बसली. मी दोनदा उठवलं. लोक उठले, हसले, आणि पुन्हा तिथेच बसले. काकूही त्यांच्यातच होत्या.

शेवटची इनिंग, बरोबरी, आणि बॅटवर तुमची नात. तिने चेंडू असा काही मारला की उजवीकडची पोरगी नुसती वळून पाहतच राहिली. चेंडू टणक जमिनीवरून उताराकडे पळत सुटला, पोरगी त्याच्यामागे, बरीच मागे. आणि तो नेमका काकूंच्या खुर्चीपाशी आला. आपल्याकडे बसलेल्या माणसाजवळ चेंडू आला की तो उचलून द्यायचा, ही लहानपणापासूनची रीत. क्रिकेटमध्ये त्याने कुणाचंच बिघडत नाही. काकूंनी वाकून चेंडू धरला, पदराने पुसला, आणि धापा टाकत आलेल्या पोरीच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "घे माय, किती पळतं उन्हात!"

मी दोन्ही हात वर केले. खेळ थांबला. तुमची नात दुसरा बेस मागे टाकून तिसऱ्याच्या वाटेवर होती, तिथेच उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली.

हा नियम मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकले. फरशीवर चार वाट्या, म्हणजे चार बेस. तुरीचा एक दाणा म्हणजे धावणारी, शेंगदाणा म्हणजे चेंडू. काकू भाकरी थापतायत, आणि तुम्ही शेंगदाणा टिचकीने घरंगळत सोडून मध्येच त्याच्यावर बोट ठेवता. "मैदानात ज्याचं काम हाय, कोच म्हण, पोलीस म्हण, त्याले चुकून लागला तं खेळ चालू. त्यानं मुद्दाम उचलला तं बंद. पण बघ्याचा हात लागला की काहून लागला ते इचारायचंच नाही. चेंडू तिथंच मेला. आता सांग, माहं बोट लागलंच नसतं तं हा तुरीचा दाणा कुठवर गेला असता? तिथं नेऊन ठेव त्याले." मी दाणा उचलून तिसऱ्या वाटीत ठेवते. काकू म्हणतात, "खेळून झालं असंन तं शेंगदाणे डब्यात टाका, चटणी करायची हाय मले." तुमचा धडा त्यांच्या कानावरून रोज जायचा, पण तुमचा खेळ त्यांनी कधी मनावर घेतला नाही.

आणि मग माझ्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षीचा तो सामना. अंपायर तुम्ही. माझा फटका लांब गेला, आणि मैदानातून आडवाटेने निघालेल्या एका सायकलवाल्याने चेंडूवर पाय ठेवला. मी तेव्हा तिसऱ्या बेसच्या तोंडाशी पोहोचले होते. तुम्ही मला परत दुसऱ्यावर नेऊन उभं केलंत. आम्ही हरलो, माझं राज्याला जाणं राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "शंका होती. शंका आली की आपल्या पोरीच्या इरुद्ध द्यायचं, लोकाईची तोंडं बंद राहतात." आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं, असं करणारे मी पुष्कळ पाहिले. आपल्याच बाब्याला कार्टं ठरवणारे तुम्ही एकटेच. मी तेव्हा मान हलवली, हाही नियमच असेल असं समजून. पुढे परीक्षेसाठी नियमांचं पुस्तक पानपान वाचून काढलं. त्यात हे वाक्य नाही, सर.

परवा मी हात वर करून उभी होते तेव्हा सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या होत्या. बेसवर उभा केलेला दुसरा अंपायर नवखा, क्रिकेटमधला. तो जवळ येऊन पुटपुटला, "मॅडम, तिसरा देऊन टाका, कोणी काही म्हणणार नाही." खरंच कोणी काही म्हणालं नसतं. मी होम दिला, म्हणजे तिला प्लेटपर्यंतची धाव दिली, की सामना तिथेच संपणार होता, अकोल्याच्या पोरी घरी आणि आमच्या राज्याला. निरीक्षक खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी फक्त जे पाहिलं होतं ते आठवत राहिले. काकूंचा हात लागला तेव्हा नात कुठे होती, चेंडूला अजून किती वेग होता, मागची पोरगी किती दमलेली होती. चेंडू आणखी उतारावर गेला असता. नात आरामात प्लेटपर्यंत पोहोचली असती. शंका घ्यायला जागाच नव्हती.

मी तिच्याकडे बोट केलं आणि मग प्लेटकडे.

अकोल्याचा कोच धावतच आला. "सरची नात हाय म्हणून देलं! सगळ्याईले माहीत हाय तुमी कोनाच्या चेल्या ते!" खुर्च्यांवरूनही बरंच काही ऐकू आलं, ते लिहीत नाही. निरीक्षक म्हणाले, हा अंपायरच्या नजरेचा निर्णय, याच्यावर अपील नाही. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाले, "पॅनलचं या वर्षी राहू द्या, मॅडम. लोक बोलतात." मी बरं म्हटलं. मला संताप आला होता आणि रडूही येत होतं, आणि समोर पोरी नातीला खांद्यावर घेऊन नाचत होत्या.

परतताना गाडीत काकू माझ्याशेजारी होत्या. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाल्या, "म्या हात लावला नसता तं पोरगी पोचली असती ना वो?"

"पोहोचली असती, काकू."

"मंग ते लोकं काहून बोंबलून राहिले होते?"

"ती तुमची आहे म्हणून."

"हे असते तं तिले तिसऱ्यावरच उभी ठेवली असती," त्या म्हणाल्या, आणि मग माझा हात हातात घेऊन अमरावतीपर्यंत सोडला नाही.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, काकूंकडे देऊन तुमच्या फोटोपाशी ठेवायला सांगावं. आता देणार नाही. कारण एक गोष्ट मी काकूंना सांगितलेली नाही. हात वर करून उभी होते तेव्हा मी सगळ्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली, तुम्ही कुठे बसलेले नाही ना, एवढंच बघायला. तुम्ही असतात तर मीही तिला तिसऱ्यावरच ठेवलं असतं. तुम्ही नव्हतात, सर, आणि मला हायसं वाटलं.